एकहाती कारागिरीची कल्पना आणि ठासणीची रायफल

इंग्रजीत एखादी गोष्ट समूळ, काहीही मागे न ठेवता, असे सांगावयाचे असले म्हणजे 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' असा शब्दप्रयोग केला जातो. लॉक म्हणजे ठिणगी पाडणारी चापाची यंत्रणा, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता आणि बॅरल म्हणजे लोखंडी नळी. हे तीन भाग एकत्र आले की बंदूक पुरी होते आणि त्यावरूनच या शब्दांना पूर्णत्वाचा अर्थ चिकटला. परंतु हा वाक्प्रचार पूर्णत्वापर्यंत पोहोचतो तो भाग मोजूनच. त्यातील तीन शब्द ही तीन निरनिराळ्या कारागिरांची क्षेत्रे होत. मराठीने याच हत्याराकडे वेगळ्या बाजूने पाहिले. ज्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते ती 'ठासणीची बंदूक'. नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्राला मराठीत 'कान' म्हणतात आणि तेथे घातलेल्या बारीक दारूला 'रंजक'. रंजक पेटूनही आतील दारूने पेट घेतला नाही, तर साराच खटाटोप वाया जातो. मराठीतील 'फुसका बार' अशाच फसलेल्या बाराच्या अनुभवातून आलेला आहे. इंग्रजी वाक्प्रचारात बंदूक घडविणाऱ्याच्या हिशेबाची, तर मराठी शब्दांत ती चालविणाऱ्याच्या अनुभवाची खूण राहिली आहे.

अमेरिकेत अठराव्या शतकात आकारास आलेली लांब नळीची ठासणीची रायफल हे या दोन दृष्टींमधील अंतर अभ्यासण्याचे उत्तम साधन आहे. तिचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात मावळला. विसाव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला, पण बाजारपेठेत नव्हे. घराच्या तळघरात, गाडी ठेवण्याच्या खोलीत, परसातील छपरीत तो उभा राहिला. नोकरीधंदा सांभाळून फावल्या वेळात हाताने अशी रायफल घडविणारी माणसे आपण पूर्वजांची परंपरा चालवीत आहोत असे मानतात. त्यांच्या मनातील पूर्वज एकटा आहे. तोच भाता चालवितो, नळी घडवितो, चाप जुळवितो, दस्ता कोरतो. इतिहास मात्र असा पूर्वज क्वचितच दाखवितो. परंपरा म्हणून जे जपले जाते त्यातील किती भाग वारशाने आलेला असतो आणि किती भाग वारसदारांनी आपल्या गरजेतून रचलेला असतो, हा साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न येथे लोखंड आणि लाकूड यांच्या आधाराने विचारता येतो.

या रायफलीचे मूळ मध्य युरोपातील शिकारी बंदुकीत आहे. जर्मन भाषिक प्रदेशातील 'येगर', म्हणजे शिकारी, वापरीत ती बंदूक आखूड आणि जाड होती. तिची नळी साधारण ३० इंचांची असून गोळी मोठी असे. नळीच्या आत पिळाच्या खाचा असल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे व नेम अचूक लागे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन व स्विस स्थलांतरितांबरोबर ही विद्या पेन्सिल्व्हेनियात आली. तेथील अरण्यात शिकाऱ्याला आठवडेच्या आठवडे वस्तीपासून दूर राहावे लागे आणि शिसे व दारू पाठीवर वाहून न्यावी लागत. म्हणून नळीचे भोक लहान होत अर्ध्या इंचाच्या आसपास किंवा त्याहून थोडे खाली आले, तर नळीची लांबी वाढून ४२ ते ४६ इंचांवर गेली. जुन्या जर्मन बंदुकीच्या वीस-बावीस गोळ्या एक पौंड शिशातून निघत; नव्या रायफलीच्या चाळीस ते पन्नास निघू लागल्या. परिस्थितीच्या रेट्यातून रूप बदलले आणि त्या बदलातून एक डौलदार, सडपातळ वस्तू जन्माला आली. सौंदर्य आणि काटकसर यांचे असे नाते कलेच्या इतिहासात विरळा असले तरी अज्ञात नाही.

तिच्या घडणीचे टप्पे समजून घेतल्याशिवाय पुढील चर्चेला आधार मिळणार नाही. नळीसाठी प्रथम घडीव लोखंडाची लांब चपटी पट्टी घेतली जाई. ती भट्टीत तापवून लोखंडी सळीभोवती गुंडाळीत आणि तिच्या कडा काही इंचांच्या टप्प्याटप्प्याने घणाखाली सांधीत. कोठे जरासा जोड कच्चा राहिला, तर पुढे नळी फुटून चालविणाऱ्याचा हात किंवा जीव जाण्याचे भय असे. मग एकामागून एक मोठी होत जाणारी पाती फिरवून आतील भोक सारखे करीत. नळी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी आतून ताणलेला दोरा लावीत. दोरा व त्याची धातूवरील सावली यांच्यात कोठे अंतर पडते ते डोळ्याने हेरून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ती सरळ केली जाई. बाहेरून तिला अष्टकोनी आकार दिला जाई.

खाचा पाडण्याचे साधन तर विलक्षण साधे होते. एका लाकडी बाकावर पिळाच्या खाचा असलेला लाकडी दंडगोल बसविलेला असे. तो पुढेमागे सरकविला की आपोआप फिरे, आणि त्याला जोडलेल्या दांड्याच्या टोकाशी असलेले बारीक दातेरी पाते नळीच्या आत त्याच पिळाने खरवडीत जाई. प्रत्येक फेरीत निघणारा कीस केसासारखा बारीक असे. पाते बोथट वाटू लागले, की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवून ते किंचित वर उचलीत. सात किंवा आठ खाचा पुऱ्या व्हावयास शेकडो फेऱ्या लागत. कागदाच्या जाडीने लोखंडाची खोली मोजणारी ही पद्धत कोणत्याही मापनयंत्राशिवाय अचूकता साधीत असे. तिच्यातील खरे यंत्र कारागिराचे मनगट हेच होते.

चापाच्या यंत्रणेत लोहाराच्या विद्येचा निराळाच कस लागे. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी ज्या पोलादी पत्र्यावर आपटावयाची, तो पत्रा वरून कठीण आणि आतून चिवट हवा. त्यासाठी तो हाडे व कातडे यांच्या कोळशात बंद करून तापवीत आणि मग पाण्यात विझवीत. कमानींना पाणी देणे हे त्याहून नाजूक काम. पाणी अधिक चढले तर कमान मोडते, कमी पडले तर मऊ राहते. दस्त्यासाठी लहरदार रेषांचा मेपल पसंत केला जाई. नळी लाकडात बसविताना तिला काजळी फासून खोबणीत दाबीत. जेथे काळा डाग उमटे तेथेच पटाशीने अगदी पातळ साल काढीत आणि पुन्हा दाबून पाहत. शेवटी नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेले द्रावण लाकडाला लावून ते धगीवर धरले की फिकट लाकूड तांबूस-तपकिरी होई व त्यातील लहरी उठून दिसत. वर जवसाचे तेल चोळले जाई. दस्त्याच्या बाजूस पितळी झाकणाची एक कुपी असे. गोळीभोवती गुंडाळावयाच्या तेलकट चिंध्या तीत ठेवीत. याच झाकणावर आणि त्याभोवतीच्या लाकडावर कारागीर आपली वेलबुट्टी कोरी. युरोपातील रोकोको शैलीचे वळण अशा रीतीने शेतकऱ्याच्या खांद्यावर चढून अरण्यात गेले.

एवढी भिन्न कामे एकाच माणसाने करावयाची तर त्याने लोहार, सुतार, कासार आणि नक्षीकार असे चौघांचे आयुष्य जगले पाहिजे. जुन्या युरोपात तशी अपेक्षाच नव्हती. झूल, त्सेला या थुरिंजियातील बंदूकनिर्मितीच्या गावी नळी करणारे, चाप करणारे आणि दस्ता बसविणारे यांचे व्यवसाय स्वतंत्र होते. त्या परिसरातून आलेला आंद्रेआस आल्ब्रेख्त हा दस्ता बसविण्याच्या कामात तयार झालेला कारागीर १७५० साली पेन्सिल्व्हेनियात आला. पुढे नॅझरेथजवळील ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन पंथीयांच्या वस्तीत १७६०च्या दशकात जी बंदूकशाळा उभी राहिली, तिचा तो प्रमुख झाला. त्याच्यामागून ती सांभाळणाऱ्या ख्रिश्चन ओर्टर याच्या नावाच्या व सालाच्या काही रायफली आजही टिकून आहेत. ही शाळा सामुदायिक जीवनाचा भाग होती. तेथे शिकाऊ मुले काम करीत आणि उत्पन्न वस्तीच्या हिशेबात जमा होई.

अमेरिकेतील इतर कारागिरांना युरोपातील श्रेणीसंघांचे बंधन उरले नव्हते, त्यामुळे एकाला अनेक कामे करण्याची मोकळीक होती. तरीही व्यवहाराचे गणित वेगळे होते. चापाच्या यंत्रणा मोठ्या प्रमाणावर इंग्लंडातून आयात होत. नदीनाल्यांच्या काठी पाणचक्कीवर चालणाऱ्या नळ्यांच्या गिरण्या होत्या. तेथून घडलेल्या, कोरलेल्या नळ्या विकत मिळत. लँकेस्टर किंवा रेडिंग येथील बंदूककार या वस्तू आणून त्यांना दस्ता, पितळी साज व नक्षी यांनी एकत्व देई. त्याचे बरेचसे उत्पन्न नव्या रायफलीपेक्षा मोडक्या बंदुकांच्या दुरुस्तीतून येई. त्याच्या हाताखाली उमेदवार असत. भाता ओढणे, कानस चालविणे, लाकूड तासणे ही कामे त्यांची. रायफलीवर नाव मात्र एकाचेच कोरले जाई. स्वाक्षरी एकाची आणि श्रम अनेकांचे, ही स्थिती मध्ययुगीन पोथ्यांच्या अभ्यासकाला नवी वाटणार नाही.

आरंभपुरुष शोधण्याची ओढ येथेही दिसते. लँकेस्टर परगण्यातील मार्टिन मेलिन या स्विस स्थलांतरिताने अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पहिली पेन्सिल्व्हेनिया रायफल घडविली अशी आख्यायिका दीर्घकाळ चालत आली आणि त्याच्या नावाने एक दगडी कार्यशाळाही दाखविली जात असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेथे उत्खनन झाले. लोहारकामाच्या खुणा सापडल्या. रायफली तेथे बनत असल्याचा पुरावा हाती आला नाही. एका क्षणी एका माणसाने एक वस्तू निर्माण केली, हे कथन स्मरणात ठेवावयास सोपे असते. अनेक हात, अनेक वर्षे आणि अनेक गावे यांतून हळूहळू झालेल्या रूपांतराची गोष्ट तशी सांगता येत नाही.

या वस्तूला आख्यायिकेचे वलय मिळाले ते युद्ध आणि साहित्य यांच्या संगमातून. १४ जून १७७५ रोजी अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने पेन्सिल्व्हेनिया, मेरीलंड व व्हर्जिनिया येथून रायफलधारी नेमबाजांच्या दहा तुकड्या उभारण्याचा ठराव केला. दूरवर अचूक नेम धरणाऱ्या या माणसांचा दरारा मोठा होता. मात्र रायफल ठासावयास साध्या लष्करी बंदुकीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागे व तिला संगीन बसत नसे, म्हणून त्या युद्धाचा मुख्य भार साध्या बंदुकांनीच वाहिला. पुढे ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे इंग्रजांचा पराभव झाला. त्या विजयात तोफखान्याचा वाटा मोठा होता, आणि मदतीस आलेल्या केंटकीच्या शिबंदीतील बहुतेकांपाशी शस्त्रेच नव्हती. तरी सॅम्युएल वुडवर्थ याच्या 'द हंटर्स ऑफ केंटकी' या गीताने १८२०च्या दशकात विजयाचे श्रेय केंटकीच्या शिकाऱ्यांना आणि त्यांच्या रायफलींना दिले. अँड्र्यू जॅक्सन याच्या निवडणूक प्रचारात हे गीत गाजले. प्रामुख्याने पेन्सिल्व्हेनियात घडलेल्या वस्तूला 'केंटकी रायफल' हे नाव रूढ होण्यात या गीताचा मोठा हात होता.

याच सुमारास जेम्स फेनिमोर कूपर याने नॅटी बंपो हा नायक निर्माण केला. १८२३ ते १८४१ या काळातील पाच कादंबऱ्यांत तो वावरतो. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' या १८२६च्या कादंबरीत शत्रू त्याला ओळखतात ते 'लांब बंदूक' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने, आणि त्याच्या रायफलीला 'किलडिअर' हे स्वतःचे नाव आहे. माणसाला बंदुकीचे नाव आणि बंदुकीला माणसासारखे नाव, अशी ही अदलाबदल आहे. नायक एकाकी, निःसंग, समाजाच्या सीमेवर उभा. म्हणून त्याची बंदूकही जणू कोणत्याही बाजारातून न आलेली, वारशाने किंवा भेटीने मिळालेली. कथेचे लक्ष बंदूक चालविणाऱ्यावर खिळलेले आहे. ती घडविणारा तेथे दिसेनासा होतो. विसाव्या शतकात रायफल घडविणाऱ्याची जी एकाकी प्रतिमा तयार झाली, ती या चालविणाऱ्याच्या प्रतिमेवरून उतरविलेली दिसते.

या आख्यायिकेने आणखी एक गोष्ट झाकली. रायफल ही केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्तू नव्हती. डेलावेअर, शॉनी आदी मूळ निवासी जमातींनी ती लवकरच आपलीशी केली होती आणि तिचे ते जाणते ग्राहक होते. १७४७ साली मोरेव्हियन पंथीयांनी शामोकिन येथे लोहारशाळा उभारली, ती तेथील मूळ निवाशांच्या बंदुका दुरुस्त करून मिळाव्यात या मागणीमुळेच. पण याच रायफलीच्या बळावर वसाहतीची सीमा पश्चिमेकडे सरकत गेली. लँकेस्टर हे बंदूककारांचे प्रसिद्ध गाव. डिसेंबर १७६३ मध्ये 'पॅक्स्टन बॉइज' म्हणून ओळखल्या गेलेल्या सशस्त्र वसाहतवाल्यांनी आधी कोनेस्टोगा वस्तीतील सहा आणि नंतर लँकेस्टरच्या सरकारी आश्रयगृहात ठेवलेले चौदा शांतताप्रिय मूळ निवासी ठार केले. त्यांत मुलेही होती. बेंजामिन फ्रँकलिन याने पुढच्याच वर्षी पुस्तिका लिहून या हत्येचा तीव्र निषेध केला. पितळी झाकणावरील वेलबुट्टीचे सौंदर्य खरे आहे आणि हा रक्तपातही त्याच गावचा आहे. कलावस्तू म्हणून या रायफलीचा विचार करणाऱ्याला या दोहोंपैकी एक वजा करण्याची मुभा नाही.

व्यवसायाच्या अस्ताचे कारण बंदुकीच्या इतिहासातच दडलेले आहे. हाताने जुळविलेल्या बंदुकीचा एखादा भाग मोडला, तर दुसऱ्या बंदुकीचा भाग तिला बसत नाही. कारण प्रत्येक भाग आपल्या शेजाऱ्यासाठी घासलेला असतो. लष्कराला हे परवडणारे नव्हते. एलाय व्हिटनी याने १७९८ साली सरकारशी दहा हजार बंदुकांचा करार केला आणि परस्परांना बसणाऱ्या भागांची कल्पना गाजविली. प्रत्यक्षात त्याच्या बंदुकांचे भाग तसे बसत नव्हते. ते साधले १८२०च्या दशकात हार्पर्स फेरी येथील शस्त्रशाळेत, जॉन हॉल याच्या देखरेखीखाली. पुढे घड्याळे, शिवणयंत्रे, सायकली यांच्या निर्मितीत गेलेली ही पद्धत प्रथम बंदुकीवर सिद्ध झाली. आज जी वस्तू हस्तकौशल्याचे प्रतीक मानली जाते, तिच्याच सख्ख्या भावंडाच्या घडणीतून यंत्रोत्पादनाचे युग सुरू झाले, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय. नॅझरेथजवळच बोल्टन येथे हेन्री घराण्याने १८१०च्या दशकात कारखाना उभारून फरच्या व्यापाऱ्यांना रायफली पुरविल्या. गारगोटीच्या जागी टोपी आली, मग बुडाकडून भरावयाच्या बंदुका आणि धातूची काडतुसे आली. ॲपलाचियन डोंगरांतील काही घराण्यांत मात्र जुनी पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत क्षीणपणे चालू राहिली.

पुनरुज्जीवनाची सुरुवात संग्राहकांनी केली. १९२४ साली जॉन डिलिन याचा 'द केंटकी रायफल' हा ग्रंथ निघाला आणि अडगळीत पडलेल्या बंदुका कलावस्तू म्हणून पाहिल्या जाऊ लागल्या. १९३१ साली ओहायोतील पोर्ट्समथ येथे ठासणीच्या बंदुकांची स्पर्धा झाली. तीतून १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. स्पर्धेसाठी प्रथम जुन्या बंदुका दुरुस्त झाल्या, मग नव्या घडविण्याची इच्छा झाली. टेनेसीतील हॅकर मार्टिन यासारख्या मोजक्या माणसांच्या हातात जुन्या विद्येचा धागा अद्याप होता. १९५४-५५ मध्ये डेव्ही क्रॉकेट याच्यावरील दूरचित्रवाणी मालिकेने साऱ्या देशाला या बंदुकीचे वेड लावले. १९६० साली जो किंडिग याचा अभ्यासपूर्ण ग्रंथ आला आणि कोणत्या गावाची वळणे कोणती, कोणाचा हात कोणता, हे शैलीवरून ओळखता येऊ लागले. हे काम पाठचिकित्सेसारखेच होते.

तरी एक प्रश्न अनुत्तरित होता. जुन्या कारागिरांनी आपली विद्या लिहून ठेवलेली नव्हती. हिशेबवह्या होत्या, मृत्युपत्रांतील हत्यारांच्या याद्या होत्या, जुने बाक होते. पण पट्टी किती तापली म्हणजे सांधावी, कमान कोणत्या रंगावर विझवावी, हे कागदावर नव्हते. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या वसाहतकालीन नगरात वॉलेस गसलर याने १९६०च्या दशकात हे कोडे हातानेच सोडविले. लोखंडाच्या पट्टीपासून ते कोरीव दस्त्यापर्यंत संपूर्ण रायफल त्याने अठराव्या शतकातील साधनांनी घडविली. १९६९च्या 'गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग' या चित्रपटात ती सारी प्रक्रिया नोंदली गेली. जॉर्जियातील रेबन गॅप येथील शाळकरी विद्यार्थ्यांनी डोंगरातील वृद्ध कारागिरांच्या मुलाखती घेऊन चालविलेल्या 'फॉक्सफायर' प्रकल्पाच्या १९७९च्या पाचव्या खंडातही लोहारकाम व चकमकीच्या रायफली यांना मोठे स्थान मिळाले. या दोन साधनांनी घरगुती कार्यशाळांना जणू गुरुकुल पुरविले. तुटलेली गुरुशिष्यपरंपरा अंशतः स्मृतीने, अंशतः प्रयोगाने आणि अंशतः जुन्या वस्तूंवरील हत्यारांचे ओरखडे वाचून सांधली गेली.

गसलरने जे केले ते प्रमाण ठरले आणि येथेच एकहाती कारागिरीची कल्पना दृढ झाली. या कल्पनेला एक वैचारिक पूर्वपीठिका आहे. यंत्रयुगात श्रमाचे तुकडे झाले म्हणून माणसाचेही तुकडे झाले, असे रस्किनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडले होते. त्यातून स्फुरलेल्या हस्तकला चळवळीने एकाने एक वस्तू आरंभापासून अंतापर्यंत घडविणे हे नैतिक मूल्य म्हणून पुढे आणले. १८९७ मध्ये बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेने हा विचार अमेरिकेत रुजविला. दिवसभर कचेरीत किंवा कारखान्याच्या पट्ट्यावर एकाच तुकड्याचे काम करणारा माणूस रात्री तळघरात येऊन मेपलच्या फळीवर पटाशी चालवितो, तेव्हा तो अठराव्या शतकाची नक्कल करीत नसतो. विसाव्या शतकाने त्याच्यापासून हिरावून घेतलेली अखंडता तो परत मागत असतो. त्याला हवा असलेला पूर्वज म्हणूनच एकटा आणि परिपूर्ण असावा लागतो.

प्रत्यक्षात घरगुती कारागीर बहुधा काय करतो? तो नळी त्या कामात निष्णात असलेल्या उत्पादकाकडून आणतो. चापाचे ओतीव भाग विकत घेऊन घासून जुळवितो. मग काजळी फासून नळी लाकडात उतरविणे, दस्त्याला वळण देणे, पितळी झाकण कापणे, नक्षी कोरणे यांत शेकडो तास घालवितो. अनेकांना याची खंत वाटते. सारे काही आपण केले नाही, म्हणून आपली रायफल खरी नव्हे असे ते मानतात. इतिहास त्यांना उलट दिलासा देतो. इंग्लंडचा चाप आणि गिरणीची नळी घेऊन बसलेल्या लँकेस्टरच्या बंदूककाराचे काम नेमके हेच होते. प्रत्येक स्क्रू स्वतः करणारा शुद्धतावादी हाच खरा अपवाद आणि तोच अधिक आधुनिक. परंपरेशी इमान राखण्याच्या आग्रहातून परंपरेत नसलेली शुद्धता जन्माला येते, याची उदाहरणे भाषाशुद्धीच्या आणि छंदांच्या चर्चेतही पाहावयास मिळतात.

म्हणून गसलरच्या प्रयोगाचे मोल उणे होत नाही. त्याचे काम नक्कल म्हणून पाहण्यापेक्षा संशोधन म्हणून पाहिले पाहिजे. अनेक हातांत विखुरलेली विद्या एकदा तरी एका देहात आणल्याशिवाय तिचे परस्परसंबंध कळले नसते. एके काळी सर्वत्र मिळणारे घडीव लोखंड आज व्यापारी प्रमाणावर तयारही होत नाही. ते हवे असेल तर जुने पूल, कुंपणे, गाड्यांच्या धावा यांतून मिळवावे लागते. सामग्रीच नाहीशी झाली असता ज्ञान टिकविणे हे संग्रहालयाच्या कपाटात वस्तू ठेवण्याहून अवघड काम आहे. कपाटातील बंदूक आकार सांगते; तिच्या कमानीला पाणी कसे दिले ते सांगत नाही.

१९६८च्या अमेरिकन संघराज्य कायद्याने या प्रश्नाला अनपेक्षित बाजूने स्पर्श केला. १८९८ सालापर्यंतच्या बंदुकांना त्याने पुरातन मानले आणि ठरावीक अटींवर जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या प्रतिकृतींनाही त्याच वर्गात बसविले. आधुनिक शस्त्रांवरील अनेक बंधने त्यांना लागू झाली नाहीत. राज्याराज्यांचे नियम अर्थात वेगळे आहेत. यामुळे काल रात्री तळघरात पुरी झालेली रायफल कायद्याच्या दृष्टीने पुरातन ठरू शकते. काळाऐवजी रचना पाहून प्राचीनत्व ठरविणारी ही व्याख्या घरगुती कारागिराच्या मनातील व्याख्येशी जुळते. मात्र कायद्याने जुनी ठरविली तरी ती शस्त्रच राहते. तिची गोळी हरणाला आणि माणसाला आजही तशीच लागते.

या साऱ्या इतिहासातून परंपरेविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. वारसा जसाच्या तसा हाती येत नाही; तो घेणारा त्यात आपल्या काळाची उणीव भरून काढतो. कूपरला सीमेवरचा मुक्त पुरुष हवा होता, म्हणून त्याने बंदुकीला एकट्या माणसाची सोबतीण केले. यंत्रयुगातील मनुष्याला अखंड श्रम हवा होता, म्हणून त्याने बंदूक घडविणाऱ्यालाही एकटे केले. दोघांनीही जे वगळले ते परत मांडणे हे इतिहासकाराचे काम होय: नळीच्या गिरणीतील मजूर, भाता ओढणारा उमेदवार, इंग्लंडातील अनाम चापकरी, शामोकिनच्या लोहारशाळेत बंदूक घेऊन आलेला मूळ निवासी आणि कोनेस्टोगाची वीस माणसे. नक्षीदार झाकणावर कोरलेल्या एका नावामागे ही सगळी नावे उभी आहेत. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' या वाक्प्रचाराने पूर्णत्व सांगताना भाग मोजले, त्या मोजण्यात कारागीर आणि बंदुकीने ज्यांचे आयुष्य बदलले ती माणसेही धरली, तरच या बंदुकीची गोष्ट पुरी होते.